एरर कोड की एक्सेप्शन? डेटाबेसच्या कामात दोन्हींची जागा

प्रश्न थोडक्यात असा: जुन्या सिस्टीममध्ये तीनशेच्या आसपास स्टोअर्ड प्रोसिजर, म्हणजे डेटाबेसमध्येच साठवलेले छोटे प्रोग्राम आहेत. प्रत्येक प्रोसिजर शेवटी एक आकडा परत करते. शून्य आला तर काम झालं, उणे आकडा आला तर काहीतरी बिघडलं. कोणत्या आकड्याचा अर्थ काय, हे एका टेबलात लिहून ठेवलेलं आहे. आता नवीन मॉड्यूल लिहायला घेतलंय आणि टीममध्ये एकमत होत नाही. काहींना वाटतं, चालतंय तर तेच ठेवावं. काहींचं म्हणणं, एरर कोड कालबाह्य झाले, आता एक्सेप्शनच फेकायला हवं. तर यातलं बरोबर काय?

मी बरीच वर्षं डेटाबेसच्या बाजूने काम करतो आहे आणि मला वाटतं, हा वादच चुकीच्या जागी उभा राहिलाय. एक्सेप्शनचं काम थांबवण्याचं: आता पुढची ओळ चालवायची नाही, वर कळवायचं. कोडचं काम ओळख पटवण्याचं: नेमकं काय झालं, आणि म्हणून वरच्याने काय करायचं. दोन्ही लागतात. तुमच्या जुन्या पद्धतीची उणीव कोड असण्यात नाही. तो कोड रिटर्न व्हॅल्यूच्या वाटेने येतो, आणि ती व्हॅल्यू तपासायची राहून गेली तर कुणालाही पत्ता लागत नाही, ही खरी उणीव.

हे मी अनुभवातून सांगतोय. एका ठिकाणी रात्री चालणारा बॅच जॉब होता. पहिली प्रोसिजर एका खात्यातून रक्कम वजा करायची, दुसरी दुसऱ्या खात्यात जमा करायची. दोन्हींचे कोड नीट ठरलेले, कागदोपत्री सगळं व्यवस्थित. पण कॉल करणाऱ्या प्रोग्राममध्ये कोणीतरी मधे एक ओळ वाढवताना दुसऱ्या प्रोसिजरचा परत आलेला आकडा तपासणारी अट गळाली. पुढे कधीतरी दुसरी प्रोसिजर फसली, तिने प्रामाणिकपणे उणे आकडा परत केला, तो कोणी वाचला नाही आणि पुढच्या ओळीवर कमिट झालं, म्हणजे बदल कायमचे झाले. रक्कम वजा झाली, जमा झालीच नाही. ताळेबंद जुळवताना ते लक्षात आलं तोवर अशा बऱ्याच नोंदी साचल्या होत्या. त्या जागी एक्सेप्शन असतं, तर विसराळूपणाची शिक्षा म्हणून जॉब थांबला असता, आणि थांबलेला जॉब दुरुस्त करणं चुकीचा डेटा दुरुस्त करण्यापेक्षा कितीतरी सोपं असतं.

बऱ्याच गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, हे आधीच सांगतो. डेटाबेस कोणता, प्रोसिजर ॲप्लिकेशनमधून कॉल होतात की एकमेकींतून, ट्रान्झॅक्शन (सगळे बदल एकत्र होतील किंवा एकही होणार नाही असा स्टेटमेंटचा गट) कोण उघडतं आणि कोण बंद करतं, या उत्तरांनुसार तपशील बदलतात. पुढे मी जिथे जिथे डेटाबेसचं नाव घेतलंय, तिथे तो मुद्दा त्या डेटाबेसपुरताच समजा.

कोडची भाषा कुठून आली, हे माहीत असलं की बराच गोंधळ कमी होतो. सुरुवातीला एसक्यूएलमध्ये, म्हणजे डेटाबेसशी बोलण्याच्या भाषेत, एसक्यूएलकोड नावाचा एक पूर्णांक असायचा: शून्य म्हणजे यश, अधिक १०० म्हणजे टेबलातली ओळ सापडली नाही, उणे म्हणजे एरर. तुमच्या प्रोसिजरची पद्धत याच घराण्यातली आहे. अडचण अशी, की उणे आकडे कोणते हे प्रत्येक कंपनीने आपापलं ठरवलं. १९९२ च्या प्रमाणित एसक्यूएलमध्ये एसक्यूएलस्टेट आला, एसक्यूएलकोडला उतरती कळा लागली आणि १९९९ च्या आवृत्तीत तो काढूनच टाकला गेला. एसक्यूएलस्टेट हा पाच अक्षरांचा कोड असतो. पहिली दोन अक्षरं वर्ग सांगतात, उरलेली तीन त्या वर्गातला नेमका प्रकार. ०८ म्हणजे कनेक्शनची भानगड, २२ म्हणजे डेटाच चुकीचा, २३ म्हणजे कन्स्ट्रेंट (डेटावर घातलेला नियम) मोडला, ४० म्हणजे ट्रान्झॅक्शन मागे फिरवलं गेलं, ४२ म्हणजे क्वेरीची वाक्यरचना किंवा परवानगी चुकली. ही वर्गाची कल्पना मला फार मोलाची वाटते, कारण निर्णय बहुतेक वेळा वर्गावरच ठरतो.

पण प्रत्यक्षात फक्त एसक्यूएलस्टेटवर भागत नाही. पोस्टग्रेस हा डेटाबेस त्याचा चांगला वापर करतो: युनिक की (तेच मूल्य दोनदा येऊ नये हा नियम) मोडली तर २३५०५, फॉरेन की (दुसऱ्या टेबलात असलेल्याच नोंदीकडे बोट दाखवावं हा नियम) मोडली तर २३५०३, रिकामं चालणार नाही तिथे रिकामं आलं तर २३५०२. मायएसक्यूएलमध्ये मात्र युनिक कीचा १०६२ आणि फॉरेन कीचा १४५२ या दोन्हींना एसक्यूएलस्टेट एकच, २३०००. म्हणजे तिथे कंपनीचा स्वतःचा आकडा वाचल्याशिवाय गत्यंतर नाही. ओरॅकलमध्ये युनिक की मोडली की ओआरए-००००१ येतो. एसक्यूएल सर्व्हरमध्ये त्याच घटनेला दोन आकडे आहेत: कन्स्ट्रेंट असेल तर २६२७, नुसता युनिक इंडेक्स असेल तर २६०१. एकच आकडा तपासणारा कोड मी अनेकदा पाहिलाय. कोणीतरी कन्स्ट्रेंट काढून इंडेक्स केला की तो हँडलर, म्हणजे एरर पकडणारा कोड, मुकाट्याने निकामी होतो. आणि १२०५ हा आकडा तर मुद्दाम लक्षात ठेवा. एसक्यूएल सर्व्हरमध्ये तो डेडलॉकचा (दोन ट्रान्झॅक्शन एकमेकांची वाट बघत अडकण्याचा) बळी सांगतो, मायएसक्यूएलमध्ये लॉकची (दुसऱ्याने ओळीला घातलेलं कुलूप सुटण्याची) वाट बघून वेळ संपल्याचं सांगतो. एका डेटाबेसचा हँडलर दुसऱ्यासाठी उचलून आणला तर हाच आकडा अगदी वेगळ्या प्रसंगी पकडला जातो.

म्हणून माझी पद्धत अशी, की डेटाबेसचे कच्चे कोड ॲप्लिकेशनभर पसरू द्यायचे नाहीत. डेटाबेसशी बोलणाऱ्या थरात एकाच जागी त्यांचं भाषांतर करायचं, आणि ते भाषांतर घटनेच्या नावात नाही तर निर्णयात करायचं. वरच्या कोडला मुळात चारच गोष्टी कळायला हव्या असतात. तेच काम पुन्हा करून बघण्यात अर्थ आहे का? वापरणाऱ्याने दिलेली माहिती बदलायला हवी का? आपल्याच प्रोग्रामची चूक आहे आणि माणसाला कळवायला हवं का? की काम झालं की नाही हेच माहीत नाही? डेडलॉक आणि ४०००१, म्हणजे एकाच वेळी चालणाऱ्या ट्रान्झॅक्शनची टक्कर, पहिल्यात जातात. २३५०५ आणि २२००१, म्हणजे मजकूर रकान्यात मावत नाही तो, बहुधा दुसऱ्यात. टेबलच सापडत नाही असं सांगणारा ४२पी०१ तिसऱ्यात, त्यावर पुन्हा प्रयत्न करत बसणं व्यर्थ. जावाच्या जेडीबीसी ४.० मध्ये (जावा प्रोग्रामला डेटाबेसशी जोडणाऱ्या प्रणालीत) एक्सेप्शनची विभागणी याच अंगाने केली आहे: तात्पुरते, कायमचे, आणि नवीन कनेक्शन घेऊन सावरता येण्याजोगे. जावा वापरत असाल तर त्याचा फायदा घ्या, पण तुमचा ड्रायव्हर (डेटाबेसशी जोडणारा दुवा) खरोखर त्या वर्गांचीच एक्सेप्शन फेकतो का, हे तपासून मगच विसंबा.

आता ज्या मुद्द्यावर मला सर्वांत जास्त वेळ द्यायचा आहे तो. एरर आला, कोड कळला. पण ट्रान्झॅक्शन आत्ता कुठल्या अवस्थेत आहे? साध्या प्रोग्राममध्ये हा प्रश्नच नसतो. डेटाबेसमध्ये हँडलरची पहिली ओळ लिहिण्याआधी हा प्रश्न सुटायला हवा, आणि दुर्दैवाने प्रत्येक डेटाबेसचं उत्तर निराळं आहे.

पोस्टग्रेसमध्ये ट्रान्झॅक्शनच्या आत कुठलाही एरर आला की ते सगळं ट्रान्झॅक्शन बाद होतं. रोलबॅक करेपर्यंत, म्हणजे बदल मागे घेईपर्यंत, किंवा आधी ठेवलेल्या सेव्हपॉइंटपर्यंत मागे जाईपर्यंत, प्रत्येक पुढचं स्टेटमेंट २५पी०२ देत राहतं. लॉगमध्ये २५पी०२ च्या शंभर ओळी दिसल्या तर त्यांच्याकडे बघू नका. त्यांच्या आधीची पहिली एरर शोधा, दुखणं तिथे आहे. मायएसक्यूएलच्या इनोडीबी या साठवण-इंजिनमध्ये डेडलॉक झाला, म्हणजे १२१३ आला, तर पूर्ण ट्रान्झॅक्शन मागे फिरतं. पण लॉकची वाट बघून वेळ संपला, १२०५ आला, तर मुळातल्या सेटिंगनुसार फक्त ते एक स्टेटमेंट मागे फिरतं आणि आधीचे बदल तसेच उघडे राहतात. ओरॅकलमध्ये डेडलॉकचा ओआरए-०००६० आला तरी फक्त ते स्टेटमेंटच रद्द होतं. आधीचे बदल आणि त्यांचे लॉक तुमच्याच हातात असतात, रोलबॅक तुम्हीच द्यायचा. एसक्यूएल सर्व्हरमध्ये ट्राय-कॅच या एरर पकडणाऱ्या ब्लॉकच्या आत ट्रान्झॅक्शन कधी कधी अशा अवस्थेत सापडतं, की ते कमिट करताच येत नाही, फक्त रोलबॅक करता येतं. त्यासाठी एक्सॅक्ट-स्टेट फंक्शन आहे, ते उणे १ देत असेल तर दुसरा मार्ग नाही.

याचा परिणाम समजून घ्या. समजा ट्रान्झॅक्शनमध्ये तीन स्टेटमेंट आहेत, तिसऱ्यावर १२१३ आला आणि हँडलरने फक्त तिसरं स्टेटमेंट पुन्हा चालवलं. ते यशस्वी होईल. पहिली दोन मात्र डेटाबेसने कधीच पुसून टाकली आहेत. एकही एरर न दिसता अर्धवट डेटा कमिट होईल. म्हणून पुन्हा प्रयत्न करायचा तर तो पूर्ण ट्रान्झॅक्शनचा, आणि नुसत्या एसक्यूएलचा नाही: शिल्लक वाचून त्यावर जो निर्णय घेतला होता, तो निर्णयसुद्धा पुन्हा घ्यायचा, कारण मधल्या काळात शिल्लक बदललेली असू शकते. याचाच अर्थ असा, की पुन्हा प्रयत्न करण्याचा अधिकार ज्या थराने ट्रान्झॅक्शन उघडलं त्याच थराकडे हवा. आतल्या प्रोसिजरने डेडलॉक पकडून स्वतःच लूप फिरवू नये. तिने कोड तसाच वर जाऊ द्यावा. प्रयत्नांना मर्यादा घाला, मी सहसा तीन ते पाच ठेवतो, आणि दोन प्रयत्नांमध्ये थोडा कमी-जास्त वेळ थांबा. सगळ्यांनी एकाच मापाचा वेळ थांबायचं ठरवलं तर पुन्हा एकाच क्षणी येऊन एकमेकांत अडकतात.

चौथ्या निर्णयाकडे लोकांचं सर्वांत कमी लक्ष असतं. कमिट पाठवलं आणि उत्तर यायच्या आधी कनेक्शन तुटलं. कमिट झालं का? सांगता येत नाही. एसक्यूएलस्टेटमध्ये या स्थितीला स्वतंत्र जागा आहे, ०८००७, म्हणजे ट्रान्झॅक्शनचा निकाल अज्ञात. पण प्रत्यक्षात बहुतेक ड्रायव्हर ०८ वर्गातला साधा कनेक्शन तुटल्याचा कोडच देतात, मायएसक्यूएलमध्ये २०१३ दिसतो. इथे डोळे मिटून पुन्हा प्रयत्न केला तर तीच नोंद दोनदा पडू शकते. आणि न करता गप्प बसलं तर काम राहून गेलेलं असू शकतं. यावर मला भरवशाचा वाटलेला उपाय एकच आहे: प्रत्येक कामाला कॉल करणाऱ्याच्या बाजूनेच एक क्रमांक द्यायचा, तो टेबलात साठवायचा आणि त्यावर युनिक कन्स्ट्रेंट ठेवायचा. मग शंका आली की तेच काम त्याच क्रमांकाने पुन्हा पाठवा. आधी झालं नसेल तर आता होईल. झालं असेल तर २३५०५ येईल, आणि तो इथे एरर नाहीच. काम आधीच पूर्ण झाल्याची ती पावती आहे. एकच कोड एका जागी वापरणाऱ्याची चूक असतो आणि दुसऱ्या जागी शुभवार्ता. म्हणून मी भाषांतराच्या थरात कोडबरोबर कन्स्ट्रेंटचं नावही वाचतो. पोस्टग्रेस ९.३ पासून ते एररमध्ये स्वतंत्र रकान्यात देतो.

इथेच एक गोष्ट कळकळीने सांगतो: एररचा मजकूर कधीही तपासू नका. संदेशात डुप्लिकेट हा शब्द आहे का, असं बघणारा कोड आज चालतो. उद्या सर्व्हरची भाषा बदलली, आवृत्ती बदलली, किंवा मजकुरात एक शब्द इकडचा तिकडे झाला की तो बंद पडतो. मजकूर माणसासाठी असतो, कोड प्रोग्रामसाठी.

गिळलेलं एक्सेप्शन हा दुसऱ्या टोकाचा आजार. रिटर्न कोडवाल्यांना मी विसराळूपणाबद्दल बोललो, तर एक्सेप्शनवाल्यांनी हे ऐकावं. ओरॅकलच्या प्रोसिजरमध्ये व्हेन अदर्स देन नल (इतर काहीही झालं तरी काही करू नका) असं लिहिलं की सगळे एरर नाहीसे होतात, डिस्क भरल्याचासुद्धा. रिटर्न कोड न तपासण्याइतकंच ते घातक आहे, फक्त ते मुद्दाम लिहिलेलं असतं. सगळं पकडणारा हँडलर लिहायचाच असेल तर त्याच्या शेवटी तेच एक्सेप्शन पुन्हा फेकायचं. नवीन एक्सेप्शनमध्ये गुंडाळून फेकणार असाल, तर मूळ कोड आणि मूळ कारण आत जपा. प्रत्येक थराने आपापलं गुंडाळत शेवटी नुसतं डेटाबेस एरर एवढंच उरलेलं लॉगमध्ये सापडतं, तेव्हा रात्री उठून बघणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही.

ओरॅकलचा आणखी एक बारकावा, कारण यात मी स्वतः अडकलोय. फंक्शनमधल्या सिलेक्ट-इन्टूला (ओळ वाचून व्हेरिएबलमध्ये भरणाऱ्या स्टेटमेंटला) ओळ मिळाली नाही तर नो-डेटा-फाउंड हे एक्सेप्शन येतं. पण तेच फंक्शन एखाद्या एसक्यूएल क्वेरीच्या आतून कॉल केलं, आणि आत ते एक्सेप्शन पकडलेलं नसेल, तर क्वेरी फसत नाही. त्या जागी नल, म्हणजे रिकामं मूल्य येतं. एसक्यूएल त्याला ओळी संपल्या एवढंच समजतं. म्हणजे एक्सेप्शन फेकलं तरी ते पोहोचेलच असं नाही. ओळ नसणं ही तुमच्या हिशेबात चूक असेल तर तिथेच पकडून स्वतःच्या कोडने वेगळं एक्सेप्शन फेका.

मग प्रत्येक अपेक्षित गोष्टीसाठी एक्सेप्शन फेकायचं का? नाही. ओळ सापडली नाही हे शोध घेण्याच्या प्रोसिजरमध्ये साधं उत्तर आहे. नोंद आधीच आहे म्हणून सोडून द्यायची असेल तर पोस्टग्रेस ९.५ पासून ऑन कॉन्फ्लिक्ट आहे, एरर न होऊ देताच काम होतं. मोठी फाइल भरताना याचा फरक जाणवतो, कारण पोस्टग्रेसच्या पीएल/पीजीएसक्यूएल या प्रोसिजरच्या भाषेत एक्सेप्शन पकडणारा प्रत्येक ब्लॉक आत एक उप-ट्रान्झॅक्शन उघडतो; लाख ओळींच्या लूपमध्ये तो ठेवला की कामाचा वेग दिसण्याइतका खाली येतो. पण नोंद आहे का हे आधी सिलेक्टने बघून मग इन्सर्ट करायचा, हा उपाय नव्हे. दोन सेशन एकाच क्षणी बघतात, दोघांनाही नाही असं उत्तर मिळतं, दोघंही इन्सर्ट करतात. कन्स्ट्रेंटच खरा पहारेकरी; आधीचं सिलेक्ट फार तर वापरणाऱ्याला लवकर सांगण्यासाठी.

तुमच्या स्वतःच्या कोडच्या टेबलाबद्दल. ते टाकून देऊ नका, त्यात वर्षानुवर्षांचं धंद्याचं ज्ञान आहे. शिल्लक अपुरी, खातं गोठवलेलं, मुदत संपलेली, असे कोड डेटाबेस स्वतःहून कधीच देणार नाही. ते एक्सेप्शनमधून बाहेर पाठवा. ओरॅकलमध्ये त्यासाठी उणे २०००० ते उणे २०९९९ एवढीच, म्हणजे हजार आकड्यांची जागा आहे. दोन टीमनी न विचारता एकच आकडा घेतला की गोंधळ होतो, म्हणून वाटणी तुमच्या टेबलातूनच करा. एसक्यूएल सर्व्हरमध्ये २०१२ पासून थ्रो ही एक्सेप्शन फेकणारी आज्ञा आहे, त्याला ५०००० आणि त्यापुढचे आकडे चालतात. पोस्टग्रेसमध्ये रेझ या तशाच आज्ञेबरोबर स्वतःचा पाच अक्षरी कोड देता येतो. न दिल्यास सगळ्यांना पी०००१ लागतो आणि ओळख पुसली जाते. शेवटी तीन शून्यं असलेला कोड मात्र टाळा, ते अख्ख्या वर्गाचं नाव समजलं जातं. आणि एकदा दिलेला आकडा रद्द झाला तरी दुसऱ्या अर्थाने पुन्हा वापरू नका. जुने लॉग आणि जुने प्रोग्राम त्याला जुन्याच अर्थाने ओळखत असतात.

राहिला तीनशे जुन्या प्रोसिजरचा प्रश्न. त्या सगळ्या एकदम बदलायला जाऊ नका. ॲप्लिकेशनमधून त्यांना कॉल करायची एकच वाट ठेवा, एक छोटं फंक्शन. उणे आकडा आला की ते फंक्शन त्याच कोडचं एक्सेप्शन फेकेल. एवढ्यानेच विसरण्याचा धोका बराचसा जातो. प्रोसिजर एकमेकींना कॉल करतात तिथे ही वाट पोहोचत नाही, म्हणून आधी त्या जागा शोधा आणि बदल तिथून सुरू करा. एसक्यूएल सर्व्हर असेल तर जुन्या प्रोसिजरमध्ये एरर व्हेरिएबल कुठे वाचलाय ते नीट पाहा. प्रत्येक स्टेटमेंटनंतर तो नव्याने भरला जातो. इफमध्ये त्याची तुलना केली की पुढच्या ओळीवर तो शून्य झालेला असतो, आणि प्रोसिजर बिघाड होऊनही शून्य परत करते. नवीन प्रोसिजर एक्सेप्शनच फेकू देत. एकाच प्रोसिजरने काही वेळा आकडा परत करायचा आणि काही वेळा एक्सेप्शन फेकायचं, हे मात्र होऊ देऊ नका. कॉल करणाऱ्याला दोन्ही तपासावे लागतात आणि एक राहतंच.

हे बसवलं की हँडलर खरोखर चालवून बघा, कारण एररच्या वाटेवरचा कोड रोज चालत नाही. दोन सेशन उघडा, दोन्हींत ट्रान्झॅक्शन सुरू करा. पहिल्यात एक नंबरची ओळ बदला, दुसऱ्यात दोन नंबरची. मग पहिल्यात दोन नंबरची, दुसऱ्यात एक नंबरची. डेडलॉक हमखास होतो. तुमच्या ॲप्लिकेशनला यातलं एक सेशन करा आणि शेवटी टेबलातल्या ओळी मोजा: सगळे बदल आहेत, की एकही नाही, की अर्धेच. नंतर कमिटच्या आसपास कनेक्शन मारून तीच मोजणी पुन्हा करा.